त्रूदोस उतरताना समुद्रतळाकडे

सोमवार, ऑलिंपसचा माथा

सायप्रस बेटाच्या मधोमध त्रूदोस पर्वत आहे आणि त्याचं सर्वांत उंच टोक आहे ऑलिंपस, १९५२ मीटर. ग्रीसमधला देवांचा ऑलिंपस वेगळा. पाण्याखालच्या ज्वालामुखींच्या खुणा बघायच्या, तर आधी समुद्रापासून इतकं दूर आणि इतकं उंच कशाला चढायचं, असं ताईने पहिल्याच वळणावर विचारलं. गाडी ती चालवत होती, नकाशा माझ्या मांडीवर होता. म्हटलं, इथला डोंगर उलटा वाचायचा असतो. सर्वांत खोल दगड माथ्यावर आहेत. उतरत गेलं की आपण समुद्राच्या तळाखालून तळाकडे वर येत जातो.

पृथ्वीवरचे बहुतेक उद्रेक कुणाला दिसतच नाहीत. महासागरांच्या मध्यावरून सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीची एक डोंगररांग जाते, तिच्या कण्यावर समुद्रतळ सतत फाटत असतो आणि फटीतून लाव्हा वर येत असतो. हे सगळं साधारण अडीच किलोमीटर पाण्याखाली. शिवाय हा तळ टिकत नाही. दूर सरकत सरकत तो थंड आणि जड होतो आणि शेवटी दुसऱ्या भूपट्टाखाली घुसून पृथ्वीच्या पोटात परत जातो. म्हणून आजच्या महासागरांत वीस कोटी वर्षांपेक्षा जुना तळ जवळजवळ सापडत नाही. त्याहून जुने पाण्याखालचे ज्वालामुखी बघायचे तर ते जमिनीवरच शोधावे लागतात, जिथे तळाचा एखादा तुकडा बुडण्याऐवजी वर ढकलला गेला असेल. अशा तुकड्याला ओफिओलाइट म्हणतात. त्रूदोसचा तुकडा सुमारे नऊ कोटी वीस लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे तसा तरुण. पण तळाखालच्या कवचाचे सगळे थर क्रमाने, जवळजवळ न मोडता उघडे पडलेत अशा जगातल्या मोजक्या जागांपैकी ही एक आहे.

माथ्याभोवती आर्तेमिस नावाची सात किलोमीटरची पायवाट फिरते. काळ्या पाइनची झाडं, सावलीतल्या खाचांत उरलेला एप्रिलचा बर्फ, आणि पायाखाली पिवळट तपकिरी, खडबडीत दगड. हा हार्झबर्गाइट. ऑलिव्हिन आणि पायरॉक्सीन या खनिजांचा, आणि पृथ्वीच्या प्रावरणाचा, म्हणजे कवचाखालच्या जाड थराचा. शिलारस निघून गेल्यावर मागे जे उरतं ते हे. खाली प्रावरण वर उचललं गेलं, दाब कमी झाला, त्याचा थोडा भाग वितळला. तो वितळलेला भाग वर गेला, त्याचाच पुढे बेसॉल्ट झाला आणि न वितळलेला सांगाडा इथे राहिला. आपण पुढचे काही दिवस जो लाव्हा बघणार, तो ज्यातून पिळून निघाला ते दगड इथे पायाखाली आहेत, ही जाणीव झाल्यावर मी बराच वेळ एका कातळाला हात लावून बसले.

वाटेवर मधूनच दगड गुळगुळीत आणि फिकट होतो. तो ड्युनाइट, जवळजवळ निव्वळ ऑलिव्हिन. शिलारस ज्या वाटांनी प्रावरणातून वर चढला त्या या वाटा. त्यात काळे, जड ठिपके दिसतात, ते क्रोमाइट. जिथे ठिपके दाट झाले तिथे माणसाने खाणी खणल्या. आता त्या बंद आहेत.

मंगळवार, आमियांदोस

शिखराच्या पूर्वेला डोंगराला एक प्रचंड पायऱ्यापायऱ्यांची जखम आहे. ही आमियांदोसची अॅस्बेस्टॉसची खाण, १९०४ ते १९८८ चालली. आता उतारांवर माती टाकून झाडं लावलीत आणि खाणीच्या जुन्या शाळेत त्रूदोस जिओपार्कचं केंद्र आहे. २०१५ पासून हा युनेस्कोचा जागतिक जिओपार्क आहे. केंद्रातले दगडांचे नमुने आधी नीट बघून घ्यावेत असं मी आग्रहाने सांगेन. नंतर रस्त्यावरचे खडक ओळखू येतात.

अॅस्बेस्टॉस इथे आला पाण्यामुळे. प्रावरणाच्या दगडात पाणी शिरलं की ऑलिव्हिनचं सर्पेंटाइन होतं. हिरवट, मेणचट, बोटाला निसरडं. काही भेगांत ते रेशमासारख्या तंतूंत वाढतं आणि तोच इथला अॅस्बेस्टॉस. या बदलात दगड फुगतो. त्याची घनता पाण्याच्या सुमारे ३.३ पटींवरून २.६ पटींच्या आसपास येते. जड दगडांच्या गर्दीत एक हलका, फुगणारा भाग तयार झाला की तो वर येऊ बघतो. त्रूदोसचा गाभा असाच वर आला. खालून आफ्रिकेचा भूपट्ट रेटत होता, आतून सर्पेंटिनाइट उसळत होता, आणि मधला भाग घुमटासारखा उचलला जाऊन त्यावरचे थर झिजून गेले. म्हणून प्रावरण माथ्यावर आणि समुद्रतळ पायथ्याशी, सर्व बाजूंनी गोल वेढ्यासारखा. गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्यांना हे आधीच जाणवलं होतं. सगळ्या डोंगरावर गुरुत्व जास्त भरतं, कारण खाली जड दगड आहेत. फक्त ऑलिंपसच्या आसपास ते एकदम कमी होतं.

१९६८ मध्ये इयन गॅस या ब्रिटिश भूवैज्ञानिकाने जाहीर विचारणा केली, की त्रूदोस हा प्राचीन समुद्रतळाचाच तुकडा तर नाही ना. तेव्हा भूपट्टांचा सिद्धान्त नुकता आकार घेत होता. त्याआधी, १९६१ मध्ये, प्रशांत महासागरात जहाजावरून भोक पाडत प्रावरणापर्यंत जायचा प्रयत्न सुरू झाला होता आणि तो तळाखाली जेमतेम १८० मीटरपर्यंत पोहोचला. अखंड सागरी कवच भेदून प्रावरण गाठणं आजवर जमलेलं नाही. इथे मात्र काल दुपारी आम्ही ते चालत ओलांडलं.

बुधवार, गॅब्रो

दिवसभर धुकं. प्लात्रेसकडे उतरणाऱ्या ओढ्याकाठच्या वाटेवर गॅब्रो पाहिला: ठळक स्फटिकांचा, काळापांढरा. लाव्हा होऊ न शकलेला शिलारस खाली कोठीतच सावकाश गोठला की तो असा दिसतो. स्फटिक जितके मोठे, तितका निवांत वेळ मिळालेला. बाकी काही दिसलं नाही.

गुरुवार, पालेखोरीच्या वाटेवरचे डाइक

आकाश स्वच्छ. आजचा दिवस मला सर्वांत प्रिय, आणि तो पूर्णपणे रस्त्याच्या कडेला गेला.

ताईचा रास्त प्रश्न असा होता: "इतके दिवस ज्वालामुखी ज्वालामुखी म्हणतेयस, पण तो आहे कुठे?" कुठेच शंकूचा डोंगर नाही, विवर नाही, राखेचा ढीग नाही. पालेखोरी गावाच्या अलीकडे रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथे मी तिला गाडी थांबवायला सांगितली. समोरची भिंत उभ्या पट्ट्यांची होती. एकेक पट्टा अर्ध्या मीटरपासून दोनेक मीटर रुंद, राखाडी-हिरवट, जमिनीतून सरळ वर गेलेला. त्याला खेटून दुसरा, त्याला खेटून तिसरा, आणि असं नजर पोहोचेल तिथपर्यंत. मधे दुसरा कुठलाच दगड नाही.

सह्याद्रीत हिंडणाऱ्यांनी डाइक पाहिलेले असतात. आडव्या थरांतून घुसलेली एखादी उभी भिंत, दोन्हीकडे जुना दगड. इथे डाइकच्या दोन्हीकडे डाइकच आहेत. ज्या दगडात पहिला डाइक घुसला असेल तो दगडच शिल्लक नाही. असं फक्त एकाच परिस्थितीत होऊ शकतं: जमीन सतत फाटत असेल आणि प्रत्येक फट नव्या शिलारसाने भरत असेल. म्हणजे ताईच्या प्रश्नाचं उत्तर ही भिंतच होती. मध्यसागरी ज्वालामुखीला एक तोंड नसतं. त्याचं तोंड म्हणजे एक लांबच लांब भेग, ती गोठली की तिचा डाइक होतो, आणि पुढच्या वेळी शेजारी नवी भेग उघडते. समोर दिसणारा जवळजवळ प्रत्येक पट्टा एकेका घुसखोरीची वाट होती, आणि त्यातले कितीतरी वर समुद्रतळावर उद्रेक होऊन फुटले असणार.

नीट पाहिलं तर आणखी कळतं. गरम शिलारस थंड दगडाला टेकला की त्याची कड पटकन गोठते, तिथले कण इतके बारीक होतात की डोळ्याला काचेसारखी गुळगुळीत रेघ दिसते. मध्यभाग सावकाश गोठतो म्हणून जरा भरड. डाइकला अशा दोन कडा हव्यात, डावी आणि उजवी. पण इथे कित्येक डाइकना एकच कड आहे. दुसरी कुठे गेली? डाइक सर्वांत शेवटी मधोमध थंड होतो, त्यामुळे तो तिथेच सर्वांत कमजोर असतो. नवी फट नेमकी त्याच्या मध्यातून जाते, अर्धा डाइक डावीकडे जातो, अर्धा उजवीकडे, आणि नवा मधे येतो. त्याचीही पुढे तीच गत होते. १९७४ मध्ये किड आणि कॅन या दोघांनी त्रूदोसमध्ये अशा एकाकी कडा मोजल्या आणि त्या कुठल्या बाजूला जास्त आहेत यावरून समुद्रतळ इथे पसरत होता हे दाखवून दिलं. हातात भिंग घेऊन, रस्त्याच्या कडेला उभं राहून करता येण्यासारखं हे काम आहे, आणि त्यातून महासागराची हालचाल सिद्ध होते. विज्ञानातल्या इतक्या सुंदर गोष्टी मला फार थोड्या माहीत आहेत.

ताईने मग स्वतःच कडा शोधायला सुरुवात केली. तासाभराने ती म्हणाली, "ये गं इकडे, हा बघ, याच्या पोटात तो शिरलाय." बरोबर होतं.

भिंतीचा काही भाग पोपटी रंगाचा आहे. तिथे डाइकची मूळ खनिजं जाऊन एपिडोट आणि क्वार्ट्झ उरलंय. समुद्राचं पाणी भेगांतून इथवर खाली झिरपलं, खालच्या शिलारसाने ते प्रचंड तापलं, आणि दगडातलं तांबं, जस्त, लोह विरघळवून घेऊन वर निघून गेलं. हा पोपटी दगड म्हणजे धातू धुऊन नेल्यावर उरलेला दगड. त्यातून नेलेलं तांबं कुठे गेलं ते शनिवारी बघायचं होतं. १९८० च्या दशकात याच भागात, डाइकपासून खालच्या गॅब्रोपर्यंत, सव्वादोन किलोमीटरहून खोल विंधन घेऊन दगडाचा सलग गाभा काढला गेला, तो पाण्याचा हाच प्रवास समजून घ्यायला.

शुक्रवार, क्लिरूचा पूल

डोंगर संपत आला, टेकड्या बुटक्या आणि गोलाकार झाल्या. क्लिरू गावाजवळ आकाकी नदीवर पूल आहे, त्याच्या आसपासच्या कड्यांत ते दिसलं, ज्यासाठी बहुतेक लोक इथे येतात. तपकिरी-हिरवे गोलसर दगड, हाताच्या कवेत मावतील एवढे किंवा थोडे मोठे, गोदामातल्या पोत्यांसारखे एकावर एक रचलेले. हा पिलो लाव्हा.

पाण्याखाली लाव्हा वाहण्याची रीतच निराळी. साधारण ११५० अंशांचा लाव्हा भेगेतून बाहेर येतो आणि बाहेर शून्याच्या जरा वर तापमानाचं पाणी असतं. क्षणात त्याच्यावर काचेचं कवच चढतं. आतून दाब चालूच असतो, कवच ताणतं, कुठेतरी चिरतं, आणि चिरेतून पुढचा लाल गोळा बाहेर येऊन तोही लगेच कवचात बंद होतो. असं करत लाव्हा नळ्यानळ्यांनी पुढे सरकतो. कड्यात जे गोल दिसतात ते पुष्कळदा अशा नळीचे आडवे छेद असतात. एक-दोन ठिकाणी नळी बाजूने कापली गेलीय, तिथे तिची लांबी दिसते. हे प्रत्यक्ष घडताना माणसाने पाहिलं ते १९७० च्या दशकात, हवाईच्या किनाऱ्याजवळ, जिथे वाहत आलेला लाव्हा समुद्रात शिरत होता आणि पाणबुडे कॅमेरे घेऊन त्याच्या जवळ गेले होते. तोवर दगडांवरूनच अंदाज बांधला जात होता.

दख्खनच्या पठारावरचे लाव्हा जमिनीवर वाहिले. तिथे हवा उष्णता हळू नेते, म्हणून लाव्हा पसरला, त्याचे मैलोन्‌मैल सपाट थर झाले, आणि थरांच्या माथ्यावर वायूचे भरपूर फुगे राहिले. इथे त्याच जातीचा शिलारस, पण आकार बघा. थर नाहीत, गोळे आहेत. पाण्याच्या दर दहा मीटर खोलीला साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो. दोन-अडीच किलोमीटर खोल वायूला फुगायला जागाच मिळत नाही, त्यामुळे फुगेही लहान राहतात. एखाद्या अनोळखी डोंगरात, समुद्राचा मागमूस नसताना, असा गोळ्यांचा कडा भेटला तर लाव्हा पाण्यात ओतला गेला होता हे खात्रीने सांगता येतं. कर्नाटकात चित्रदुर्गजवळ मरडीहळ्ळीला अडीचशे कोटी वर्षांचा पिलो लाव्हा आहे, आणि त्याची ओळख पटते ती याच आकारावरून.

एका गोळ्यापाशी आम्ही बराच वेळ घालवला. बाहेरची बोटभर कड काळपट, मूळची काच. बहुतेक जागी तिची पिवळट माती झालीय, पण त्रूदोसमध्ये काही ठिकाणी ती अजून खरी काच आहे, नऊ कोटी वर्षांनंतरही. केंद्रापासून बाहेर चाकाच्या आऱ्यांसारख्या भेगा, गोठताना आकसल्याच्या. माथा फुगीर. बूड मात्र टोकदार, कारण मऊ असताना गोळा खालच्या दोघांच्या मधल्या फटीत बसला. यावरून वर कुठे आणि खाली कुठे हे कळतं. डोंगर घड्या पडून उलटापालटा झाला असेल तर हे टोक सांगतं की समुद्राचा पृष्ठभाग कुठल्या बाजूला होता. गोळ्यांमधल्या सांदीत काचेचा चुरा, लाल जास्पर आणि पांढरी झिओलाइटं भरलीत.

ही काच आणखी एक गोष्ट बोलते, आणि तिच्यावरून मोठा वाद झाला होता. मियाशिरो या जपानी भूवैज्ञानिकाने १९७३ मध्ये लाव्ह्याच्या रसायनावरून म्हटलं, की हा मध्यसागरी रांगेचा लाव्हा नव्हे, हा बेटांच्या कमानीखाली, म्हणजे बुडणाऱ्या भूपट्टाच्या वर उभ्या राहणाऱ्या ज्वालामुखी बेटांच्या रांगेखाली तयार झालेला आहे. पुष्कळांना ते पटलं नाही, कारण डाइक तर तळ पसरत होता असंच सांगत होते. पुढे काचेत अडकलेलं पाणी मोजलं, तेव्हा ते मध्यसागरी लाव्ह्यापेक्षा बरंच जास्त निघालं. खाली बुडणारा भूपट्ट प्रावरणात पाणी सोडत होता, त्या ओलाव्याने प्रावरण वितळत होतं, आणि वरचा तळ त्याच वेळी फाटत होता. दोन्ही पुरावे खरे होते. माझ्या मते त्रूदोसचा इतिहास सर्वांत जास्त शिकवतो तो इथे: आकारावरून लाव्हा पाण्यात ओतल्याचं कळलं, पण तो कुठल्या समुद्रात, कशामुळे, हे काचेने सांगितलं.

शनिवार, मित्सेरो आणि पूर्वेकडच्या खाणी

मित्सेरोजवळ एक सोडलेली उघडी खाण आहे आणि तिच्या तळाशी गडद लाल पाण्याचं तळं. कुंपणाच्या बाहेरूनच बघावं. ते पाणी आम्ल आहे: पायराइट म्हणजे लोहाचं सल्फाइड, हवापाणी लागलं की त्यातून गंधकाम्ल तयार होतं. बाजूच्या भिंती पिवळ्या, केशरी, जांभळट. झाड नाही.

गुरुवारच्या पोपटी दगडातून गेलेलं तांबं इथे वर आलं. तापलेलं पाणी, ३५० अंशांच्या आसपास, पिलो लाव्ह्यातल्या भेगांतून समुद्रतळावर उसळलं आणि थंड पाणी भेटताच त्यातले धातू गंधकाबरोबर काळ्या धुरासारखे बाहेर पडले. असे काळे धुरांडे जिवंत सापडले १९७९ मध्ये, पूर्व प्रशांत महासागरात. त्यानंतर सायप्रसच्या खाणींकडे लोकांनी पुन्हा बघितलं आणि १९८४ मध्ये इथल्या खनिजातही धुरांड्यांचे तुकडे ओळखले गेले. पुढे काम्बिया आणि शा इथल्या खाणींत त्याहून विलक्षण गोष्ट सापडली. पायराइटमध्ये जपलेल्या बारीक नळ्या, धुरांड्यांच्या अंगावर राहणाऱ्या नळीकिड्यांच्या. डायनासोरांच्या काळात, सूर्यप्रकाश न पोहोचणाऱ्या खोलीत, उकळत्या पाण्याच्या झऱ्याशेजारी वस्ती होती, आणि तिची घरं सोनेरी सल्फाइडची होऊन राहिली.

माणसाने या साठ्यांतून साडेतीन हजार वर्षांहून जास्त काळ तांबं काढलंय. जुन्या भट्ट्यांच्या मळीचे काळे ढीग अजून रस्त्याकडेला दिसतात.

रविवार, समुद्रतळाच्या वर

शेवटचा टप्पा लहान, पण तो चुकवू नये. माथियातीस गावाच्या परिसरात पिलो लाव्ह्याच्या वरच्या खाचाखळग्यांत एक चॉकलेटी, अतिशय हलकी, हाताला रंग लावणारी माती भरलेली दिसते. चित्रकार जो अंबर रंग वापरतात तो हाच. ज्या झऱ्यांनी खाली तांबं साचवलं त्यांच्या धुरातलं लोह आणि मँगनीज दूरवर तरंगत गेलं आणि कणाकणाने तळावर बसलं. लाव्हा थांबल्यावर त्याच्यावर पडलेला हा पहिला गाळ. त्यात चुनखडी जवळजवळ नाही, कारण तळ तेव्हा इतका खोल होता की चुन्याचे कवच खाली पोहोचेपर्यंत विरघळून जात. त्याच्यावर रेडिओलेरिया या सूक्ष्म सागरी जिवांच्या सिलिकेचे पातळ थर आहेत.

लेफ्काराच्या बाजूला गेलं की डोंगर पांढरा होतो. तिथे खडूचे जाड थर आहेत, मधे चकमकीच्या पट्ट्या, सगळे सूक्ष्म सागरी जिवांच्या कवचांचे. म्हणजे तोवर तळाचं पाणी चुना टिकण्याइतकं उथळ झालं होतं. ताईने खडूचा एक पडलेला तुकडा नखाने खरवडून बघितला आणि जागेवर ठेवला. जिओपार्कमध्ये काही उचलायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. या खडूने लाव्हा कोट्यवधी वर्षं झाकून ठेवला. बेटाची मुख्य उचल त्यामानाने अगदी अलीकडची, गेल्या वीसेक लाख वर्षांतली, दक्षिणेकडच्या एरातोस्थेनिस या बुडालेल्या डोंगराने आफ्रिकेच्या भूपट्टाबरोबर येऊन धडक दिल्यानंतरची. खडू मऊ, तो आधी झिजला. क्लिरूच्या पुलाखालचे गोळे उघडे पडले ते त्यानंतर.